पायांचं नाटक

त्या बाईंना वरच्या कप्प्यातली मोरपंखी साडी हवी होती, आणि मला उठता येईना.

डावा हात गादीवर टेकून जोर लावला. मांड्यांत कुणीतरी ओली वाळू भरल्यासारखं झालं. कंबर वीतभर वर गेली आणि मी परत खाली बसलो. बाईंना वाटलं, मी टाळतोय. "दाखवायची नसंल तर तसं सांगा की," त्या म्हणाल्या. शेवटी शेजारच्या गादीवरचा सेल्समन उठला, त्यानं मोरपंखी काढली, आणि गिऱ्हाईक त्याच्याकडं सरकलं ते सरकलंच.

सोलापुरात चाटी गल्लीच्या अलीकडं आमचं साड्यांचं दुकान होतं. 'आमचं' ही नुसती बोलायची सवय. मालक शेठ, मी नोकर. पण रेशमी साड्यांची गादी माझी होती, ती थोरल्या शेठनी स्वतःच्या हातानं मला दिलेली. पांढऱ्या चादरीवर मांडी घालून बसायचं, मागच्या कपाटातून साडी काढायची, झटक्यात पदर उलगडायचा, आणि बाईचं मन डळमळायला लागलं की उभं राहून ती साडी आपल्याच अंगावर लावून दाखवायची. निऱ्या माझ्या इतक्या झकास पडायच्या, की नवरीच्या आया म्हणायच्या, "दादा, तुम्हीच या लग्नाला नेसवायला." दिवसभर उठबस. पहिलवान दमला असता, मी कधी दमलो नव्हतो. आणि त्या दिवशी श्रावणात एक मोरपंखी काढायला उठता येईना. मला माझ्याच मांड्यांचा असा राग आला, की बुक्की मारली त्यांना. बुक्की हातालाही लागली आणि मांडीलाही.

हे दहा-बारा वर्षांपूर्वीचं. मी तेव्हा पंचावन्नचा होतो.

त्याच उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ गेला होता. दारात स्कूटर लावताना छातीला हात धरून खाली बसला, तो उठलाच नाही. तेरावं झाल्यावर विमलनं, माझ्या बायकोनं, मला धरून नेलं तपासायला. कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. औषधवाल्यानं पाकिटावर पेनानं लिहिलं, 'रात्री जेवणानंतर एक'. तेव्हापासून रात्री ताट उचललं की विमल ती गोळी माझ्या तळहातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची. "भावजी गेले," म्हणायची, "तुम्हाला नाही जाऊ देणार मी."

मोरपंखीनंतर मी त्याच डॉक्टरांकडं गेलो. म्हटलं, मांड्या भरून येतात, जिना चढवत नाही, बसलं की उठवत नाही.

"वय किती?" डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं.

"पंचावन्न."

"मग पंचावन्न वर्षं वापरलेत पाय. कुरकुरणारच की. कॅल्शियम देतो."

कॅल्शियम घेतलं. विमलनं निर्गुडीच्या पाल्यानं शेकलं, तिळाच्या तेलानं चोळलं. पोटऱ्यांत रोज पेटके. दुकानात लाज वाटायला लागली. उठायचं टाळण्यासाठी मी हाताशी असलेल्या साड्याच पुन्हा पुन्हा दाखवायला लागलो. हे गिऱ्हाइकाच्या आधी ऋषीशेठच्या लक्षात आलं.

ऋषीशेठ म्हणजे थोरल्या शेठचा मुलगा. थोरले शेठ गेल्यावर गल्ल्यावर तो बसायला लागला. लहानपणी याच दुकानात माझ्या गादीवर लोळलेला, माझ्याकडून साडीची घडी घालायला शिकलेला. गणपती उठले तसं त्यानं मला बोलावलं.

"काका, तुम्ही जरा दारात स्टुलावर बसत जावा. लोकांना 'या, बसा' म्हणायला कुणीतरी वजनदार माणूस पाहिजे."

"आणि माझी गादी?"

"बघंल की कुणीतरी. तुम्ही कशाला काळजी करायलाव?"

बघणारा 'कुणीतरी' म्हणजे त्याचा मेहुणा. त्याला इरकल आणि नारायणपेठ यातला फरक कळत नव्हता. तो माझ्या जागेवर पाय पसरून बसला, आणि मी दारात, स्टुलावर. येणाऱ्या बायकांच्या चपला ओळीत लावून ठेवत. ज्या बायकांना मी त्यांच्या लग्नाचे शालू निवडून दिले होते, त्या विचारायच्या, "हे काय दादा, इथं?" मी हसायचो. आतून जळायचो.

घरी येऊन तो जाळ विमलवर निघायचा. भाजीत मीठ जास्त का, फॅन हळू का, दार का आपटलं. ती बिचारी ऐकून घ्यायची. एक दिवस म्हणाली, "मी आईला बोललेय."

"कोणत्या आईला?"

"तुळजापूरच्या. म्हटलं, यांचे पाय बरे कर, कोजागरीला चालत आणते तुझ्याकडं."

"वा! पाय बरे झाले तर पायांनीच फेडायचं. आणि न विचारता बोललीस माझ्या पायांवर?"

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

हे मात्र खरं होतं.

मग नवरात्र आलं. घट बसले. आमच्या घरात नऊ दिवसांचा उपास कडक. जेवण म्हणून नाही. दुपारी वरई नाहीतर साबुदाणा, रात्री दूध-केळं. दसऱ्याला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच ताटावर बसायचं. वडिलांपासून चालत आलेलं. पायात चप्पलही नाही. त्या वर्षी विमल म्हणाली, "तुम्ही राहू द्या, अशक्तपणा येईल." मी हट्टानं केला. जागा गेली, पाय गेले, आता उपासही सोडू?

ललितापंचमीच्या सकाळी मी आंघोळीच्या पाटावरून उठलो, कपडे घातले, देवाला फूल वाहिलं, आणि मग ध्यानात आलं की उठताना भिंत धरली नव्हती. परत बसून बघितलं. परत उठलो. विमल आली तर मी आपला उठतोय आणि बसतोय. ती रडायलाच लागली. धावत जाऊन तिनं घटापुढं डोकं टेकलं आणि दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला सांगून आली की आई पावली.

मला काय, आई पावू दे नाहीतर कॅल्शियम. अष्टमीला मी दुकानात गेलो आणि थेट गादीपाशी उभा राहिलो. मेहुण्याला म्हटलं, "ऊठ."

त्यानं गल्ल्याकडं बघितलं.

"ऋषीशेठ, पाय बरे झाले माझे," मी म्हटलं. "दसऱ्याची गर्दी आहे. माझी जागा मला द्या, नाहीतर हिशोब करून टाका."

गर्दी खरंच होती. शेठनं मान डोलावली. त्या दोन दिवसांत मी काय विकलं ते माझं मला माहीत. नऊवारी स्वतःच्या अंगावर लावून उभा राहिलो, बायका हसून हसून लाल झाल्या आणि घेऊनही गेल्या. मेहुणा चपला लावत होता. मला त्याची दया आली असं मी सांगणार नाही.

दसऱ्याला पुरणपोळी खाल्ली. सगळं पूर्वीसारखं सुरू झालं.

कोजागरीला नवस फेडायला चाललो. सोलापुराहून तुळजापूरला त्या दिवशी माणसांचा पूर लोटतो, त्या पुरात आम्ही दोघं. अर्ध्या वाटेपर्यंत मी विमलच्या पुढं. मग मांड्यांत पुन्हा ती वाळू भरायला लागली. देवळाच्या पायऱ्या मी कठडा धरून उतरलो. येताना एसटीत दोघांनी धरून चढवलं.

सगळे म्हणाले, एवढं चाललात, दुखणारच. चार दिवसांत ओसरेल. मीही तेच म्हणालो. पण चार दिवस गेले, आठ गेले. उलट पोटऱ्यांतले पेटकेही परत आले. आणि दिवाळी तोंडावर.

धनत्रयोदशीला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्यापुढं एका घरच्या पाचसहा बायका बसलेल्या. एकीला डाळिंबी शालू अंगावर लावून बघायचा होता. मी हात टेकला, जोर लावला, गुडघ्यापर्यंत आलो, आणि तिथून सरळ पुढं त्या शालूवर पडलो. शालूची घडी विस्कटली. एक बाई किंचाळली. मेहुण्यानं पळत येऊन आधी शालू उचलला, मग मला.

ऋषीशेठ गल्ल्यावरून उठून आला. गिऱ्हाइकांकडं बघून हसला. मग मला म्हणाला, हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"काका, आता बस करा हे नाटक."

"कसलं नाटक? दुखायलेत पाय."

"दसऱ्याला बरे दुखले नाहीत ते? तेव्हा जागा जात होती, तर गादीवर नाचत होताव. आता जागा मिळाली, लागले दुखायला. आम्हाला काय कळत नाही का?"

"मी खोटं बोलत नाही, शेठ."

"मग पाय खोटं बोलत असतील," तो म्हणाला, आणि मेहुणा हसला. बायकांपैकीही एक हसली. तिला दोष देत नाही. बोलणं तसं चपखलच होतं.

पुन्हा स्टूल. पुन्हा चपला. तीस वर्षांत मला कुणी कामचुकार म्हटलं नव्हतं, आणि आता मी कुणाला काय सांगणार होतो? दसऱ्याला मी नाचलो होतो हे खरंच होतं. सगळ्या दुकानानं बघितलं होतं. त्या रात्री मी ताटावर बसलो आणि ताट ढकलून दिलं.

"तुझ्या आईला दुसरं काम नाही का?" मी विमलला म्हटलं. "नऊ दिवस पाय देती आणि नैवेद्य खाल्ला की काढून घेती? हा कुठला न्याय?"

"असं बोलू नका हो. आपलंच काहीतरी चुकलं असंल. ओटी भरताना मी..."

"तू गप!"

थोड्या वेळानं तिनं तेच ताट पुन्हा पुढं ठेवलं, मी जेवलो, आणि तिनं गोळी तळहातावर ठेवली. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा एक भलताच विचार डोक्यात शिरला होता. ऋषीशेठ म्हणतो तेच खरं असलं तर? माझ्याही नकळत मी सोंग करत असलो तर? माणसाला स्वतःच्या पायांवरच संशय यावा यापरतं वाईट काही नाही. राग बाहेरच्यावर असतो तोवर बरा, तो आत वळला की कुरतडतो.

भाऊबीज झाल्यावर विमलनंच मला पुन्हा दवाखान्यात नेलं. आमचे डॉक्टर गावाला गेले होते. त्यांच्या जागी मुलाणी नावाच्या एक डॉक्टरबाई बसल्या होत्या, तिशीच्या. मी मनात म्हटलं, झालं, ही तर वय विचारूनच घालवून देणार.

"कधीपासून दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"श्रावणापासून. मधी बरं झालं होतं, परत सुरू झालं."

"मधे म्हणजे कधी?"

"नवरात्रात," विमल म्हणाली. "आईचा नवस बोलले होते मी."

मला वाटलं, आता या हसतील. त्या हसल्या नाहीत. "नवरात्रात काय वेगळं केलंत?"

"काही नाही. उपास होता. अनवाणी होतो."

"आणि गोळ्या? त्या दिवसांत गोळ्या घेतल्या का?"

"कशी घेणार?" मी जरा चिडूनच म्हटलं. "जेवणानंतरची गोळी आहे ती. पाकिटावर लिहिलंय. नवरात्रात आमच्यात जेवण नसतं. फराळ असतो."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे घटस्थापनेपासून बंद. आणि दसऱ्याला जेवलात तेव्हापासून परत सुरू."

"हो."

"काका, कोलेस्टेरॉलच्या या गोळीनं काही जणांचे स्नायू असेच दुखतात. सगळ्यांचे नाही, काहींचे. तुम्ही देवीच्या कृपेनं गोळी बंद करून बघितलीत, आणि परत चालूही करून बघितलीत. मी सांगितलं असतं तरी इतकं व्यवस्थित केलं नसतंत."

त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. स्नायूंची काही तपासणी असते, त्यात आकडा वाढलेला निघाला. मग काही आठवडे ती गोळी बंद, त्यानंतर दुसरी, कमी ताकदीची, आणि पुन्हा तपासणी. "पण मनानं काही बंद करून बसायचं नाही," त्यांनी बजावलं. "तुमचा भाऊ कशानं गेला ते विसरू नका. दुखलं की माझ्याकडं यायचं."

मला आनंद व्हायला हवा होता. मी पायऱ्या उतरलो तो रागानंच. एक प्रश्न. आधीच्या डॉक्टरांनी हा एक प्रश्न श्रावणात विचारला असता, तर माझी गादी गेली नसती, मी त्या शालूवर पडलो नसतो, रात्री-अपरात्री मी स्वतःला खोटारडा म्हटलं नसतं. कॅल्शियम देतो म्हणे!

रिक्षात बसल्यावर विमल हळूच म्हणाली, "म्हणजे आईनं नाही बरं केलं?"

"तिनंच केलं म्हण की. उपास कुणाचा होता?"

ती हसली. मग म्हणाली, "आणि रोज रात्री गोळी मीच देत होते." आणि तिचं तोंड कसंनुसं झालं. मी तिचा हात धरला. तिच्यावर कसला राग धरायचा? तिला फक्त मी जिवंत हवा होतो.

मार्गशीर्ष निम्मा होईतो पाय मोकळे झाले. नवी गोळीही सोसली. रिपोर्ट खिशात घालून मी दुकानात गेलो. लग्नसराई सुरू झालेली. ऋषीशेठ गल्ल्यावर, कानाला फोन. मी समोर उभा राहून त्याला सगळं सांगितलं. गोळी, नवरात्र, रक्ताची तपासणी.

"अरे वा," तो फोनवर हात ठेवून म्हणाला. "चांगलं झालं की मग. बसा गादीवर."

"बसतो. आधी एक बोला. मी नाटक करत नव्हतो म्हणून. त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालाव, तसं सगळ्यांसमोर."

"मी?" त्याला खरोखरच नवल वाटलं. "मी कधी म्हटलं, काका? मी असं म्हणीन का तुम्हाला? गर्दीत काहीतरी तुमच्या मनाला लागलं असंल. सोडून द्या." आणि तो फोनवर पुन्हा बोलायला लागला.

तो खोटं बोलला असता तर परवडलं असतं. त्याला आठवतच नव्हतं. जे मला महिनाभर झोपू देत नव्हतं, ते त्याच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. हाताशी कात्री होती. सांगतो, त्या क्षणी त्याच्या अंगातल्या शर्टाचे मी दोन उभे तुकडे केले असते. पण तेवढ्यात एक लग्नाचं गिऱ्हाईक आलं, नवरीची आई मला ओळखत होती, "दादा, शालू तुम्हीच दाखवायचा," म्हणाली, आणि तीस वर्षांची सवय मला ओढून गादीवर घेऊन गेली.

दाखवत होतो. हात चालत होते, डोकं तापलेलं होतं. बाईंबरोबर नवरी होती, मावशी होती, आणि नवरीचे वडील. ते आत आलेच नव्हते. दारातल्या स्टुलावर बसून मांड्या दाबत होते.

"वर या की हो," बाईंनी हाक मारली. "पोरीचा शालू आहे!"

त्यांनी हातानं 'तुम्ही बघा' असं केलं.

"बघा," बाई मला म्हणाल्या, "एक पायरी चढवत नाही. घरात टीव्हीपुढं बसायला बरे असतात पाय. वर्षभर हेच. पोरीच्या लग्नातसुद्धा नाटकं सुचतात माणसाला."

मावशी हसली.

माझ्या हातात हिरवा शालू अर्धा उलगडलेला होता. तो तसाच टाकून मी उठलो आणि दाराशी गेलो. माणूस माझ्याच वयाचा. पांढरा सदरा, टोपी गुडघ्यावर ठेवलेली. माझ्याकडं असं बघितलं, की हाही आता काहीतरी सुनावणार.

"मांड्या भरून येतात?" मी विचारलं. "बसलं की उठवत नाही? पोटऱ्यांत पेटके?"

"हो," ते म्हणाले. जपूनच.

"कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे?"

"आहे की. वर्ष झालं."

"त्याच्या आधी दुखत होतं?"

त्यांनी विचार केला. "नव्हतं," म्हणाले.

"डॉक्टरला हेच सांगा. असंच. मनानं बंद करू नका, पण सांगा. ऐकलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरला सांगा. गोळ्या दुसऱ्या असतात. माझंही हेच झालं होतं, आणि आता मी आलो का नाही चालत तुमच्यापर्यंत?" मग जे मला कुणीतरी म्हणावं म्हणून मी महिनाभर तळमळलो, ते माझ्याच तोंडातून निघालं. "तुम्ही नाटक करत नाही. मला माहीत आहे."

त्यांनी आत बघितलं. त्यांची बायको लेकीच्या खांद्यावर शालूचा पदर टाकून मान तिरकी करून बघत होती.

"जरा मोठ्यानं म्हणता का?" ते म्हणाले. "तिला तिथं ऐकू जात नाही."

मी वळलो. बायकोकडं नाही, सरळ गल्ल्याकडं तोंड केलं, आणि तीस वर्षांत ज्या दुकानात आवाज चढवला नव्हता तिथं घसा फाटेस्तोवर ओरडलो.

"हा माणूस खोटं बोलत नाही!"

सगळ्या गाद्यांवरचे हात थांबले. ऋषीशेठनं कानाचा फोन खाली घेतला.